ऑर्डर संपायच्या आत एलओडी उघडा

अमेरिकेच्या रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्डमधल्या, म्हणजे नोकरी सांभाळून अर्धवेळ सेवा करणाऱ्या, सैनिकाचं दुखणं बहुतेकदा असंच सुरू होतं. रविवारी दुपारी ट्रकवरून उतरताना गुडघा पिरगळतो. ड्रिल, म्हणजे शनिवार-रविवारचं प्रशिक्षण, संपायला दोन तास उरलेले असतात आणि सोमवारी नोकरीवर हजर व्हायचं असतं. मग बर्फ लावायचा, दोन गोळ्या घ्यायच्या आणि गाडी चालवत घर गाठायचं. तीन आठवड्यांनी एमआरआयमध्ये लिगामेंट फाटल्याचं कळतं. शस्त्रक्रियेचं बिल कोण भरणार आणि बुडणारा पगार कोण देणार, हे प्रश्न तेव्हा उभे राहतात. कायद्यात दोन्हींची सोय आहे, पण ती आपोआप मिळत नाही. त्यासाठी आधी एलओडी लागतो, म्हणजे दुखणं सेवेतलं असल्याचा सैन्याचा लेखी निर्णय. पूर्णवेळ सैनिक जखमी झाला तर त्याचा पगार चालूच राहतो. रिझर्व्हमधल्याची ऑर्डर, म्हणजे ड्यूटीवर बोलावणारा लेखी आदेश, मात्र ठरलेल्या तारखेला संपते, आणि त्या तारखेनंतर तो सैन्याच्या हिशेबी पुन्हा सामान्य नागरिक असतो.

म्हणून पहिला प्रश्न असा: दुखापत झाली त्या क्षणी तुम्ही नेमक्या कोणत्या ड्यूटीवर होता? शनिवार-रविवारचं ड्रिल ही 'इनअ‍ॅक्टिव्ह ड्यूटी'. दोन आठवड्यांचं वार्षिक प्रशिक्षण म्हणजे ३० दिवसांपर्यंतची अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी. तैनाती किंवा लांबलचक कोर्स म्हणजे ३० दिवसांपेक्षा जास्त. ही ३० दिवसांची रेघ लक्षात ठेवा, पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिच्यावर ठरते. ड्रिलला जाताना आणि तिथून थेट घरी येताना झालेली दुखापत धरली जाते. दोन ड्रिल-दिवसांच्या मधल्या रात्री प्रशिक्षणाच्या जागी किंवा तिच्या जवळपास मुक्काम असेल तर तीही धरली जाते. फिटनेस टेस्टची तयारी म्हणून मंगळवारी घराजवळ पळताना घोटा मुरगळला तर तो साधारणपणे धरला जात नाही, कारण तेव्हा तुम्ही ड्यूटीवर नसता.

गार्डवाल्यांसाठी आणखी एक फरक, आणि तो अनेकांना दुखापतीनंतरच कळतो. गव्हर्नरच्या आदेशाने पुरात किंवा वादळात केलेली 'स्टेट अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी' ही राज्याची सेवा आहे, संघराज्याची नाही. तिथल्या दुखापतीला खाली लिहिलेले संघीय लाभ लागू होत नाहीत, राज्याच्या नुकसानभरपाईच्या नियमांकडे जावं लागतं. 'टायटल ३२' (संघीय कायद्याचं ३२ वं शीर्षक) ऑर्डरवरचं प्रशिक्षण मात्र संघीय लाभांत येतं. ऑर्डरच्या कागदावर कायद्याचं कलम छापलेलं असतं. ते वाचा आणि फोटो काढून ठेवा.

आता एलओडी, म्हणजे 'लाइन ऑफ ड्यूटी' निर्णय. दुखणं सेवेत झालं किंवा सेवेमुळे वाढलं, असं सैन्याने कागदावर मान्य करणं. आर्मीत हा प्रवास डीए फॉर्म २१७३ पासून सुरू होतो, एअर फोर्समध्ये एएफ फॉर्म ३४८ पासून. नेव्हीत त्याला एलओडी-एचसी म्हणतात, एचसी म्हणजे हेल्थ केअर. फॉर्म भरणं हे युनिट आणि डॉक्टर यांचं काम असलं तरी आत काय लिहिलंय हे तुम्हीच तपासायला हवं. 'गुडघेदुखी' हे निदान नव्हे. 'उजव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघ्यातलं एक लिगामेंट) फाटलेलं' हे निदान. डावा-उजवा चुकला, किंवा खांदा आणि मान दोन्ही दुखावले असताना एकच लिहिला गेला, तर नंतर मानेच्या उपचाराची मंजुरी अडते आणि दुरुस्तीत महिने जातात. फॉर्मसोबत ऑर्डरची प्रत जोडा. ड्रिल असेल तर हजेरीचा पुरावा हवा, आर्मीत डीए फॉर्म १३७९ आणि एअर फोर्समध्ये एएफ फॉर्म ४०ए. शिवाय डॉक्टरांच्या तपासणीची नोंद आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्या एक-दोघांचं लेखी निवेदन. साक्षीदारांची निवेदनं त्याच रविवारी घ्या. सहा महिन्यांनी लोकांच्या बदल्या होतात आणि तारखा कुणाला आठवत नाहीत.

संरक्षण खात्याची सूचना १२४१.०१ सांगते की ड्यूटी संपल्यापासून १८० दिवसांच्या आत एलओडीची मागणी करावी. याला अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. युनिटची इमारत सोमवार ते शुक्रवार ओस असली तरी पूर्णवेळ कर्मचारी तिथे असतात. सोमवारी सकाळी त्यांना ईमेल पाठवा: तारीख, वेळ, जागा, काय करत होता, शरीराचा कोणता भाग दुखावला, कोणाला सांगितलं. तोंडी सांगितलेलं मागे उरत नाही, ईमेलवर तारीख असते.

बहुतेक एलओडी सरळ मंजूर होतात, कारण दुखणं सेवेतलंच आहे असं गृहीत धरून सुरुवात होते. जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन किंवा बेपर्वाई दिसली तर औपचारिक चौकशी लागते. दारू पिऊन गाडी चालवणं हे नेहमीचं उदाहरण. दुसरा अडथळा 'सेवेआधीपासूनच होतं' या शेऱ्याचा. जुनी पाठदुखी असली तरी प्रशिक्षणात ती नैसर्गिक गतीपेक्षा जास्त बिघडली असेल तर 'सेवेमुळे वाढली' असा निर्णय मिळू शकतो. त्यासाठी आधीची आणि नंतरची वैद्यकीय नोंद शेजारी शेजारी ठेवावी लागते. म्हणून जुने कागद लपवण्यात हित नाही. उलट, आधी माणूस ठणठणीत काम करत होता हे तेच कागद दाखवतात. निर्णय विरुद्ध गेला तर अपील करता येतं. मुदत पत्रात दिलेली असते आणि ती थोडी असते.

आता मुख्य मुद्दा. जे ३० दिवसांपेक्षा जास्त ऑर्डरवर असताना जखमी झाले, त्यांना उपचार पूर्ण होईपर्यंत अ‍ॅक्टिव्ह ड्यूटीवर ठेवता येतं. कायद्याच्या १० व्या शीर्षकातली कलम १२३०१(एच) आणि १२३२२ हा त्याचा आधार. एअर फोर्समध्ये याला मेडकॉन म्हणतात, म्हणजे मेडिकल कंटिन्युएशन. आर्मीत घरी परतलेल्या सैनिकाला पुन्हा ऑर्डरवर घेण्याच्या वाटेला एमआरपी-टू म्हणतात. त्यात सैनिक बहुधा सोल्जर रिकव्हरी युनिटमध्ये, म्हणजे जखमी-आजारी सैनिकांच्या तुकडीत जातो. २०२० पर्यंत या युनिटचं नाव वॉरियर ट्रान्झिशन युनिट होतं. ऑर्डर चालू असेपर्यंत पूर्ण मूळ पगार, घरभाडं, जेवणभत्ता, महिन्याला अडीच दिवस रजा, निवृत्तीचे गुण आणि कुटुंबाला ट्रायकेअर, म्हणजे सैन्याचा आरोग्यविमा. २०१७ च्या कायद्यानंतर कलम १२३०१(एच) खालचे दिवस पोस्ट-९/११ जीआय बिलासाठीही, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणखर्चाच्या लाभासाठीही, मोजले जातात.

यासाठी तीन गोष्टी लागतात: एलओडी, सैनिकी काम करता येत नाही असं सांगणारा वैद्यकीय प्रोफाइल आणि तारखांसकट उपचाराचा आराखडा. शिवाय तुमची लेखी संमती. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. तैनातीहून परतताना सगळ्यांना घरचे वेध लागलेले असतात. डीडी फॉर्म २७९६ वर, म्हणजे तैनातीनंतरच्या आरोग्य तपासणीच्या फॉर्मवर, 'दुखणं आहे का' या रकान्यात 'नाही' लिहिलं की रांग लवकर सरकते, आणि वर 'ऑर्डरवर राहायचं नाही' या कागदावरही सही होते. ती सही करू नका. घरी जाऊन पुन्हा ऑर्डर मिळवणं शक्य असतं, पण मधल्या काळात पगार थांबतो, नवी फाइल उघडते आणि 'मग तेव्हा का नाही सांगितलं' हा प्रश्न प्रत्येक टेबलावर विचारला जातो. आई-वडिलांना किंवा जोडीदाराला सांगायचं झालं तर एवढंच: माणूस उशिरा घरी आला तरी चालेल, पण कागद पुरे होऊन येऊ दे.

ऑर्डर एकदम वर्षाची मिळत नाही, तुकड्यातुकड्यांनी वाढते आणि प्रत्येक वाढीला ताजी वैद्यकीय नोंद लागते. फिजिओथेरपीच्या भेटी चुकवल्या, खाजगी डॉक्टरची नोंद सैन्याच्या केस मॅनेजरपर्यंत पोहोचली नाही, तर वाढ अडते. क्लिनिक नोंद आपणहून पाठवेल या भ्रमात राहू नका. प्रत्येक भेटीनंतर प्रत मागून घ्या आणि स्वतः पाठवा. या काळात तुम्ही पूर्णवेळ सेवेत असता, त्यामुळे परवानगीशिवाय बाहेरची नोकरी करता येत नाही. चालू ऑर्डर संपायच्या तारखेआधी निदान महिनाभर वाढीचा अर्ज पुढे सरकलेला हवा.

ड्रिलमध्ये किंवा छोट्या ऑर्डरवर जखमी झालेल्यांची वाट बहुतेकदा वेगळी असते: घरी राहून उपचार आणि 'इनकॅप पे', म्हणजे काम करता न येण्याच्या काळातला पगार. याचा आधार ३७ व्या शीर्षकाचं कलम २०४, आणि त्यात दोन प्रकार आहेत. सैनिकी कामच करता येत नसेल तर पूर्ण पगार-भत्ते मिळतात, पण बाहेरच्या नोकरीत जे कमावलं ते वजा होतं. समजा सैनिकी पगार-भत्ते महिना ५,००० डॉलर आणि नोकरीतून २,००० आले, तर हाती ३,०००. सैनिकी काम जमतंय पण दुखापतीमुळे नोकरीतली कमाई बुडतेय, असं असेल तर बुडालेली रक्कम मिळते, सैनिकी पगार-भत्त्यांच्या मर्यादेपर्यंत. मालकाकडून घेतलेली आजारपणाची रजा आणि विम्यातून मिळणारा पगारही कमाईतच धरतात, तो लपवला तर वसुली निघते. दर महिन्याला मालकाचं प्रमाणपत्र, पगारपत्रक आणि डॉक्टरचा दाखला लागतो. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना आयकर विवरणपत्रं द्यावी लागतात. मुदत सहा महिने. त्यापुढे विशेष मंजुरी लागते, तिची तयारी चौथ्या महिन्यातच सुरू करा. अनेक घरांत दुसऱ्या महिन्याचा दाखला राहतो आणि पैसे थांबतात. नियम आपल्या विरुद्ध नसतो, एक कागद अपुरा असतो.

बिलांबद्दल. आणीबाणी असेल तर आधी रुग्णालय गाठा, मंजुरी नंतर. बाकी उपचारांसाठी, तुम्ही अ‍ॅक्टिव्ह ड्यूटीवर नसाल आणि लष्करी रुग्णालय दूर असेल तर, डिफेन्स हेल्थ एजन्सीचं ग्रेट लेक्स कार्यालय खाजगी डॉक्टरकडच्या उपचारांना मान्यता देतं, आणि ती एलओडीवर अवलंबून असते. रुग्णालयाच्या खिडकीवर सवयीने नोकरीतल्या विम्याचं कार्ड पुढे करू नका. विमा कंपनीने नंतर 'ही सेवेतली दुखापत' म्हणून हात वर केले की बिल तुमच्या नावावर वसुली संस्थेकडे जातं. अमेरिकेत ट्रायकेअरचा दावा उपचाराच्या तारखेपासून वर्षभरात दाखल व्हावा लागतो. मोहिमेसाठी ३० दिवसांपेक्षा जास्त सेवा करून परतलात तर टॅम्प या संक्रमणकाळातल्या योजनेखाली १८० दिवस आरोग्यसेवा मिळते. पण ती एलओडीची जागा घेत नाही, आणि ही गल्लत फार होते.

सेवेवर गेलेल्यांच्या बाहेरच्या नोकरीचं संरक्षण युसेरा या संघीय कायद्यात आहे. सेवा १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर परतीच्या अर्जाला ९० दिवस, ३१ ते १८० दिवसांच्या सेवेला १४ दिवस. सेवेत झालेल्या दुखापतीतून बरं व्हायला वेळ हवा असेल तर ही मुदत दोन वर्षांपर्यंत लांबते. मालकाला हे लेखी कळवा.

वर्षभरात सैनिकी कामावर परतता येत नाही असं दिसलं तर प्रकरण एमईबी (वैद्यकीय मूल्यमापन) आणि पीईबी (शारीरिक मूल्यमापन) या मंडळांकडे जातं. एलओडी असेल तर अपंगत्वाचं मोजमाप होतं: ३० टक्के किंवा जास्त असल्यास, अथवा २० वर्षांची सेवा भरत असल्यास, वैद्यकीय निवृत्ती. त्याहून कमी असल्यास बहुधा एकरकमी रक्कम, साधारणपणे दोन महिन्यांचा मूळ पगार गुणिले सेवेची वर्षं. एलओडी नसेल तर मंडळ फक्त 'योग्य' की 'अयोग्य' एवढंच ठरवतं, आणि अयोग्य ठरलात तर भरपाईशिवाय बाहेर. तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारचा कागद इथे कामाला येतो. ज्यांची १५ ते २० पात्र वर्षं झाली आहेत त्यांनी कलम १२७३१बी विचारून घ्या. वैद्यकीय कारणाने बाहेर पडावं लागलं तरी रिझर्व्हची निवृत्ती हातची जात नाही.

व्हीएचा, म्हणजे माजी सैनिक खात्याकडचा, अपंगत्व भरपाईचा दावा, फॉर्म २१-५२६ईझेड, ही स्वतंत्र वाट. ड्रिलमधल्या सेवेसाठी तिथे दुखापत धरतात, आजार सहसा नाही. हृदयविकाराचा झटका, हृदय बंद पडणं आणि पक्षाघात हे अपवाद. भरपाई मंजूर झाल्यावरही ड्रिल चालू असेल तर एकाच दिवसाचे ड्रिलचे पैसे आणि व्हीएची रक्कम दोन्ही ठेवता येत नाहीत. कोणते सोडायचे ते फॉर्म २१-८९५१ वर सांगायचं असतं. आणि मेडकॉन किंवा इतर कोणत्याही ऑर्डरवर परत गेलात तर पहिल्याच आठवड्यात व्हीएला कळवून भरपाई थांबवा. नाहीतर ऑर्डर संपताना काही महिन्यांची रक्कम परत मागणारं पत्र घरी येतं, आणि ती वसुली पुढच्या भरपाईतून कापली जाते.