आमची वाटचाल: भोक भरणं हे गिलाव्याचं काम नाही

आम्ही पुण्यात गिलाव्याची आणि जुन्या भिंतींच्या दुरुस्तीची कामं घेतो. सुरुवातीच्या कोटेशनांत ‘भोकं बुजवणे’ अशी ओळच नसायची. परांचीच्या बांबूंसाठी भिंतीत सोडलेली भोकं गिलाव्याच्याच मालाने, त्याच दिवशी भरायची, अशीच पद्धत होती. आता ती ओळ वेगळी असते, दर नगावर असतो आणि भरल्यापासून 7 दिवस गिलाव्याला हात लावायचा नाही हेही तिथेच लिहिलेलं असतं. आमच्या कामात सगळ्यात मोठा फरक या ओळीने पडला.

आतला गिलावा 12 ते 15 मिमीचा. भोकात मात्र 70-80 मिमी माल एकदम कोंबला जातो. तो ओला माल आपल्याच वजनाने खाली बसतो आणि वरच्या कडेला फट सुटते. पुढे सुकताना तो आकसतो, आणि थर जितका जाड तितका जास्त आकसतो. आजूबाजूचा पातळ गिलावा विटेला घट्ट धरून असतो, त्यामुळे तडा नेमका भोकाच्या कडेने जातो. रंग दिल्यावरही भोकाचा आकार भिंतीवर उमटतो. बाहेरची भिंत असेल तर पाऊस तिथूनच आत येतो.

परांचीचं भोक म्हणजे एका आडव्या विटेची जागा: 4 इंच रुंद, 3 इंच उंच आणि नऊ इंची भिंतीत आरपार, म्हणजे सुमारे पावणेदोन लिटर पोकळी. तिच्यात निम्म्याहून जास्त वीटच गेली पाहिजे.

आधी छिन्नीने सुटा माल आणि अडकलेले बांबूचे तुकडे काढायचे, कडा चौकोनी करायच्या, आतून किंचित रुंद. ब्रशने धूळ काढायची. हे अर्धवट राहिलं तर पुढचं सगळं वाया जातं, कारण माल विटेला न धरता धुळीला धरतो. आदल्या संध्याकाळी भोकात आणि रोड्यांवर, म्हणजे आत बसवायच्या विटेच्या तुकड्यांवर, भरपूर पाणी मारायचं. सकाळी वीट ओलसर हवी, पण वर पाणी चमकता कामा नये. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि माल भुसभुशीत होतो.

माल 1 सिमेंटला 4 वाळू, घट्ट. मुठीत दाबला की गोळा राहावा, बोटांतून पाणी सुटू नये. सिमेंटचा घोळ फासायचा तो माल घालण्याच्या क्षणी. घोळ वाळला तर तोच थर माल सोडवतो. आरपार भोक असेल तर आधी बाहेरची अर्धी बाजू भरायची, दुसऱ्या दिवशी आतली. रोडा चारही बाजूंनी मालात बसवून लाकडाने ठोकायचा. वरच्या सांध्यात माल सपाट पट्टीने कोंबायचा, फट राहते ती हमखास तिथेच. रोडा बसत नाही अशा वेड्यावाकड्या खड्ड्यात एका वेळी 15 मिमीपेक्षा जाड थर नाही. प्रत्येक थरावर खिळ्याने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या आणि पुढचा थर दुसऱ्या दिवशी. शेवटचा थर विटेच्या पातळीत, खरखरीत सोडायचा. त्याला घोटून गुळगुळीत करणारा गवंडी गिलाव्याची पकड घालवतो.

वायरिंगच्या झिऱ्यांत, म्हणजे पाइपसाठी भिंतीत कोरलेल्या खाचांत, पाइप दर दोन फुटांवर खिळ्यांनी पक्का करायचा, मग माल. वरून कोंबडीजाळी झिरीच्या दोन्ही बाजूंना किमान 3 इंच जाईल अशी. संडास-बाथरूममध्ये पाइपची प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय आम्ही झिरी बंद करत नाही. एएसी ब्लॉकमध्ये (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांत) मात्र सिमेंट-वाळूचा गोळा नको. ब्लॉकचाच तुकडा कापून जॉइंटिंग मॉर्टरने (ब्लॉक जोडायच्या मालाने) चिकटवतो, कडांना फक्त ओला ब्रश फिरवून.

जुन्या वाड्यांतल्या चुन्याच्या भिंतीत सिमेंट अजिबात वापरत नाही. सिमेंट तिथे ओल अडवतं, ती बाजूच्या विटांतून बाहेर पडते आणि वीट लोणा (क्षार) लागून झडते. भिजवलेला चुना, वाळू आणि सुरखीचा (विटेच्या भुकटीचा) माल 10 मिमीच्या थरांनी घालतो, वर ओलं गोणपाट लावतो. दोन थरांमध्ये काही दिवस जातातच. घरमालकाला तारीख देताना ते आधीच धरावे लागतात.

सिमेंटच्या कामाला 7 दिवस रोज दोनदा पाणी. आठव्या दिवशी हातोडीच्या दांड्याने प्रत्येक भोक वाजवून पाहतो. बद्द वाजलं तर खडूने गोल करायचा, भोक पुन्हा फोडून भरायचं. त्याचे पैसे लावत नाही.