सेव्हन प्रकल्प, भाग ६ : रेडिएटर निवडला, बसवला, तापवला

इंजिन आणि गिअरबॉक्स चेसिसमध्ये पक्के झाले, तेव्हा गाडीचं पुढचं तोंड रिकामं दिसायला लागलं. तिथे काय बसवायचं, हा या भागाचा विषय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली, १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि तिच्या धाटणीच्या गाड्या इंग्लंडातले हौशी लोक आजही आपापल्या गॅरेजमध्ये बांधतात. माझी त्यातलीच एक, नॉर्दॅम्प्टनजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये आकार घेतेय. चेसिस २५ मिमी चौकोनी नळीची, डोनर गाडी (जिचे सुटे भाग काढून वापरतोय ती) पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, इंजिन १.६.

पहिला मोह डोनर गाडीचाच रेडिएटर वापरायचा. फुकट आहे, त्याच इंजिनासाठी बनलाय, होजही तेच. पण त्याची जाळी (नळ्या आणि पापुद्र्यांचा भाग, ज्यातून हवा जाते) साडेसहाशे मिमीच्या आसपास रुंद, आणि सेव्हनचं नाक म्हणजे जेमतेम एक मोठी टपालपेटी. तो बसवायचा तर नोज कोन, म्हणजे नाकावरचं आवरण, कापावा लागेल, किंवा रेडिएटर इतका आडवा झोपवावा लागेल की हवा त्यातून जाण्याऐवजी त्याच्यावरून घसरत जाईल. त्यामुळे तो बाद.

मोटरसायकलचा रेडिएटर बारीक नळ्यांचा, वाकडा, आणि बहुतेक वेळा होजचा व्यास जुळत नाही. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा, मापाने बनवून घेतलेला दिसायला देखणा. पण त्या पैशात चार टायर येतात, आणि माझ्या मते टायर जास्त गरजेचे. उरला सेव्हनवाल्यांचा जुना दोस्त: फोक्सवॅगन पोलोच्या जुन्या पिढीचा रेडिएटर. जाळी साधारण ४३० × ३२० मिमी, अ‍ॅल्युमिनियमची. दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या. होजचा व्यास ३२ मिमी. आणि पंख्याच्या स्विचसाठी आटे आधीच पाडलेले. नवा कोरासुद्धा खिशाला परवडतो आणि उद्या दगड लागून फुटला तर गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात पटला.

एवढासा रेडिएटर पुरेल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी आकडेमोड केली, तुम्हीही करून पाहा, कारण उत्तर बरंच दिलासा देणारं आहे. सेव्हनचा आकार हवेच्या दृष्टीने भिंतीच्या जवळचा. ताशी ११० किमीला हवा आणि टायर मिळून साधारण १७ किलोवॅट खातात. पेट्रोलमधल्या ऊर्जेचे ढोबळ तीन वाटे धरा: एक चाकांना, एक एक्झॉस्टमधून बाहेर, एक कूलंटला, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याला. म्हणजे कूलंटकडेही साधारण तेवढेच, १७-१८ किलोवॅट. इंजिनाची पूर्ण ताकद ८५ किलोवॅटच्या घरात आहे खरी, पण पाचसहाशे किलोच्या गाडीत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर रस्त्यावर काही सेकंदांच्या पलीकडे देताच येत नाही. ट्रॅक डेचा, म्हणजे रेस ट्रॅकवर गाडी पळवायच्या दिवसाचा, हिशेब वेगळा, पण तो माझा हेतू नाही.

आता हवा. जाळीतून जाताना हवा ३० अंशांनी तापते असं धरलं, तर १८ किलोवॅट बाहेर काढायला सेकंदाला अर्धा घनमीटर हवा लागते. जाळीचं क्षेत्रफळ ०.१४ चौरस मीटरच्या जवळपास, म्हणजे जाळीतून हवेचा वेग सेकंदाला साडेतीन-पावणेचार मीटर हवा. गाडी त्या वेळी सेकंदाला ३० मीटर धावतेय! मागणी आहे आठव्या हिश्श्याची. तरीही सेव्हन गरम होतात, ही तक्रार कायम ऐकू येते. मग पाणी मुरतंय कुठे? बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या कडेने. हवेला दाट जाळी आणि शेजारची तीन बोटांची फट यांतून निवड दिली की ती फटच निवडते. त्यामुळे मी मोठ्या रेडिएटरमागे न लागता छोटा घेतला आणि उरलेली सगळी मेहनत त्याच्याभोवतीच्या पत्र्यावर खर्च केली.

जाड जाळी घ्या, असाही सल्ला मिळतो. जाडी दुप्पट केली म्हणून उष्णता दुप्पट निघत नाही, कारण मागच्या नळ्यांपर्यंत पोचणारी हवा आधीच तापलेली असते आणि अडथळाही वाढतो. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी एक वेगळा इशारा. कूलंट ९० अंशांवर आणि बाहेर २५ असेल तर फरक ६५चा. बाहेर ४० असेल तर ५०चा. तोच रेडिएटर मे महिन्यात जवळजवळ पाव हिस्सा क्षमता गमावतो. बग्गी किंवा कॉलेजची स्पर्धेची गाडी बांधत असाल तर इथल्या लोकांचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

बसवणी

रेडिएटर वरच्या बाजूने मागे कललेला आहे, अंदाजे वीस अंश. नाक खाली उतरतं, त्यामुळे उभा बसवला तर वरची कड नोज कोनला लागते. मागे स्टिअरिंग रॅक आहे आणि त्याच्या आधी पंख्याची जाडी सोडायची आहे. ही सगळी मापं मी आधी पुठ्ठ्याचा रेडिएटर करून घेतली. पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि पंख्याच्या जागी एक डबा. नोज कोन त्याच्यावर चढवून, काढून, पुन्हा चढवून. खरा रेडिएटर त्यानंतरच मागवला.

खाली २० मिमी चौकोनी नळीचा एक आडवा दांडा चेसिसला वेल्ड केला. त्यात दोन भोकं, भोकांत रबरी ग्रोमेट, आणि ग्रोमेटमध्ये रेडिएटरचे खालचे खुंट. वजन सगळं इथे बसतं. वर दोन पातळ ब्रॅकेट, एम६ रबरी बॉबिनवर, फक्त पुढेमागे हलू नये म्हणून. रेडिएटर कुठेही चेसिसला घट्ट आवळलेला नाही, आणि आवळूही नये. अशा नळीच्या चेसिसला खड्ड्यात पीळ बसतो, थोडाच, पण प्लास्टिकच्या टाकीला आणि जाळीच्या सांध्याला तेवढा पुरतो. धातू धातूला टेकत नसल्याने विजेचा भटका प्रवाह रेडिएटरमधून जायचा धोकाही टळतो. तो अ‍ॅल्युमिनियम आतून खातो. पंख्याची अर्थ वायर म्हणूनच रेडिएटरच्या ब्रॅकेटला न जोडता थेट चेसिसच्या मुख्य अर्थ पॉइंटला नेली.

पंखा मागच्या बाजूला, हवा ओढणारा, १० इंची. जाळीतून आरपार घालायचे प्लास्टिकचे टाय त्याच्यासोबत येतात. ते सरळ कचऱ्यात टाकले. थरथरीने ते पापुद्रे घासतात आणि कधीतरी नळीपर्यंत पोचतात. त्याऐवजी पातळ अ‍ॅल्युमिनियमचं आवरण वाकवलं, त्याला पंखा स्क्रूने बसवला आणि आवरण टाक्यांच्या कडांवर धरलं. आवरणाचा दुसरा फायदा असा की पंखा पूर्ण जाळीतून हवा ओढतो, फक्त आपल्या गोलापुरती नाही. खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळीमागे त्याचा निम्मा धरला तरी आयडलवरची (गाडी उभी, इंजिन चालू असतानाची) दोन-तीन किलोवॅट उष्णता आरामात निघते. स्विच ९२ अंशांना चालू, ८७ला बंद. रिले, फ्यूज, बस्स.

आता पत्रा. नाकाच्या तोंडापासून जाळीच्या कडेपर्यंत चार बाजूंनी १ मिमी अ‍ॅल्युमिनियम, कडेला बंद पेशींच्या फोमची पट्टी. तोंड जाळीपेक्षा लहान आहे, आणि ते तसंच चांगलं. आत आल्यावर मार्ग हळूहळू रुंदावला की हवा मंदावते, दाब वाढतो आणि जाळीतून जायला तयार होते. हे काम कंटाळवाणं आहे. प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात, नोज कोन फायबरग्लासचा त्यामुळे डावं-उजवं सारखं नाही. झाल्यावर पंखा चालू करून उदबत्ती घेऊन बसलो. धूर जाळीत गेला तर ठीक, कोपऱ्यात वळला तर तिथे फट. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि वरच्या होजपाशी सापडल्या, फोमने बुजवल्या. गॅरेजला दिवसभर देवघराचा वास होता.

आत आलेली हवा बाहेरही पडायला हवी, याकडे लोकांचं लक्ष कमी. बॉनेटखाली ती साठली की जाळीच्या पुढे-मागे दाबाचा फरकच उरत नाही. माझ्या बॉनेटला लूव्हर (हवा बाहेर सोडणाऱ्या खाचा) आहेतच, शिवाय गिअरबॉक्सच्या बोगद्यापाशी खालून मोकळी जागा मुद्दाम ठेवलीय.

पाण्याचा मार्ग

एमएक्स-५चं इंजिन मूळ गाडीत आडव्या बसणाऱ्या इंजिनांच्या घराण्यातलं. ते गाडीच्या लांबीत बसवताना माझदाने थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) पुढे आणला, पंपही पुढेच, त्यामुळे मागच्या सिलिंडरांना पाण्याचा वाटा कमी मिळतो. इंजिनाच्या डोक्याच्या (सिलिंडर हेडच्या) मागच्या टोकाला थर्मोस्टॅट नेण्याची जुगत इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तीच मी केली. तिथून लांब होज एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूने पुढे येतो. हीटर बसवलेला नाही, पण त्याच्या दोन तोंडांना बूच न मारता होजचा वळसा दिला. थर्मोस्टॅट बंद असतानाही पाणी फिरत राहायला तो मार्ग लागतो.

जोड नळ्यांच्या टोकांना उभारी, म्हणजे उंचवट्याची कड, हवीच, गुळगुळीत नळीवरून गरम होज निसटतो. क्लिप मात्र आतून गुळगुळीत पट्टीच्या घेतल्या, कारण खाचांच्या साध्या क्लिपा सिलिकॉनचा होज कापतात. (स्क्रूने आवळायच्या क्लिपांचं पेटंट रॉयल नेव्हीतल्या लम्ली रॉबिन्सनने १९२१ मध्ये घेतलं. शतक उलटलं तरी आपण त्याच स्क्रूशी झुंजतोय.)

सेव्हनमध्ये रेडिएटर इंजिनापेक्षा खाली, त्यामुळे हवा त्याच्या वरच्या कोपऱ्यात नाही तर डोक्याच्या मागे अडकते. एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेलं पाणी सामावणारी) बल्कहेडवर, म्हणजे इंजिनामागच्या आडव्या भिंतीवर, सगळ्यात उंच. रेडिएटरच्या वरून आणि डोक्याच्या मागून एकेक बारीक नळी तिच्यात, आणि तिच्या तळातून एक होज पंपाच्या तोंडाकडे. झाकण ०.९ बारचं, त्या दाबाला साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. भरलं मात्र अँटीफ्रीझ आणि डिआयोनाइज्ड पाणी निम्मं-निम्मं. इथल्या नळाचं पाणी इतकं जड की किटलीत आठवड्यात खपली धरते.

तापवल्यावर

नोंदणीआधी गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून चाचणी उभ्या गाडीवरच. पंखा ९२ला लागला, पाचेक मिनिटांत ८७ला थांबला, आणि हे चक्र इंजिन बंद करेपर्यंत तसंच चालू राहिलं. वरच्या आणि खालच्या होजमध्ये ७ अंशांचा फरक. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजणार असाल तर चकचकीत नळीवर रोखू नका, आकडा भलताच कमी येतो. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखा. वेगातली हवा तपासायची सोय आताच करून ठेवलीय: जाळीच्या पुढे आणि मागे एकेक बारीक नळी, दोन्ही डॅशबोर्डखाली आणलेल्या. त्यांना पाण्याची यू-नळी जोडली की दाबाचा फरक मिलिमीटरमध्ये दिसेल. ताशी ११०ला वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे ५५ मिमी पाणी होतो, त्यातला किती जाळीवर मिळतो ते पाहायचं.

आयव्हीए तपासणीसाठी (घरी बांधलेल्या गाडीला नोंदणीआधी ती लागते) नाकाच्या तोंडात पुढची जाळी, म्हणजे ग्रिल, बसवायची राहिलीय. १०० मिमीच्या गोळ्याचा स्पर्श होईल त्या कडांना किमान २.५ मिमी गोलाई लागते, त्यामुळे ग्रिलच्या कापलेल्या टोकांवर रबरी पट्टी चढेल. पत्र्याच्या खालच्या कडेलाही तीच. ते झालं की वायरिंगला हात घालतो. लूम (गाडीतल्या वायरांचा जुडगा) पूर्ण डोनरचा छाटून वापरायचा की नवा विणायचा, यावर कोणाचा अनुभव असेल तर कळवा. मी छाटण्याकडे झुकलोय.