गायतोंडे आणि चित्रकलेचा विद्यार्थी

चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे यांच्याविषयी जे काही लिहिले जाते, त्यात मौन, ध्यान, झेन, निसर्गदत्त महाराज आणि दिल्लीतला एकांतवास यांचे उल्लेख इतक्या वेळा येतात की, कलामहाविद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या मुलाला चित्र काढण्याआधी संन्यास घेणे आवश्यक आहे असे वाटावे. त्या उल्लेखांत खोटे काही नाही. रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचे आकर्षण त्यांना होते, आणि ते फारसे कोणात मिसळत नसत, हेही सर्वश्रुत आहे. परंतु चित्रकलेची विद्यार्थिनी म्हणून मी त्यांची चित्रे पाहू लागले, तेव्हा मला या माहितीचा उपयोग जवळजवळ शून्य झाला. उपयोग झाला तो त्यांच्या रोलरचा, पॅलेट नाइफचा (रंग पसरवण्या-खरवडण्याच्या बोथट पात्याचा) आणि फाडलेल्या कागदांचा.

गायतोंडे यांचा जन्म 1924 मध्ये नागपूरला, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. बालपण गिरगावातल्या चाळीत गेले आणि 1948 मध्ये त्यांनी सर ज. जी. कलाशाळेतून पदविका घेतली. पुढे 1950 मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटात गेले, 1957 मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले, 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि 1971 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा तपशील परीक्षेपुरता पाठ होतो आणि विसरलाही जातो. मला त्यातला ज. जी.नंतरचा काळच महत्त्वाचा वाटतो, कारण त्या काळात तेही आपल्यासारखेच कोणाकडून तरी काहीतरी घेत होते.

त्यांनी घेतले ते दोन ठिकाणांहून. एक पॉल क्ली हे युरोपातले आधुनिक चित्रकार, ज्यांची रेषा आणि रंगांची समज पन्नासच्या दशकातल्या गायतोंडे यांच्या चित्रांत उघडपणे दिसते. दुसरे, भारतीय लघुचित्रे. लघुचित्रे पाहताना आपण त्यांतल्या आकृती वगळून केवळ रंगांची प्रमाणे पाहू लागलो, अशा आशयाचे ते नंतर एका मुलाखतीत बोलले होते. माझ्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या बोलण्यात विद्यार्थ्याला जसेच्या तसे वापरता येईल असे हे एकच विधान आहे, म्हणून मी ते वापरून पाहिले. बसोहली या पहाडी लघुचित्रशैलीतल्या एका चित्राच्या छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, नायिका, सखी, महाल, झाड यांपैकी काहीही न रेखाटता फक्त रंगांच्या क्षेत्रांच्या कडा उतरवून घ्यायच्या, आणि मग तेवढीच क्षेत्रे पोस्टर कलरने सपाट भरायची. पिवळ्याचे मोठे मैदान, त्याला टेकलेला लाल पट्टा, खाली गडद निळा आणि दागिन्यांच्या जागी पाचूसारख्या हिरव्याचे अगदी चिमुकले ठिपके, एवढेच हाती उरते. हे ठिपके झाकले की सबंध पिवळे मैदान मलूल होते. कंपोझिशनच्या, म्हणजे चित्ररचनेच्या, तासाला 'तोल' हा शब्द सतत ऐकू येतो. पण तोल केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही, रंगाच्या तीव्रतेवरही ठरतो, हे मला या सरावातून जितके स्पष्ट कळले तितके कोणत्याही व्याख्यानातून कळले नव्हते. त्यानंतर गायतोंडे यांचे सत्तरच्या दशकातले एखादे उभे चित्र पाहिले की, धूसर प्रकाशात तरंगल्यासारखी दिसणारी ती चिन्हे तिथेच का आहेत आणि तेवढीच का आहेत, याचा काहीसा अंदाज बांधता येतो. त्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना मान्य नव्हते, याचेही मग आश्चर्य वाटत नाही.

आता कामाच्या पद्धतीविषयी. तैलरंगाचे पातळ थर ते रोलरने पसरवत, काही थर पॅलेट नाइफने खरवडून काढत आणि वर्तमानपत्रांचे किंवा मासिकांचे फाडलेले कागद वापरून रंगाचे आकार पृष्ठभागावर उमटवत किंवा तिथला ओला रंग उचलून घेत. म्हणजे चित्राचा मोठा भाग रंग लावण्याइतकाच रंग काढण्यातून घडलेला असतो. ही गोष्ट करून पाहिल्याशिवाय समजत नाही. मुद्राचित्रणाच्या (ठशांवरून चित्रे छापण्याच्या) विभागातून रबरी रोलर मागून आणला आणि जवसाच्या तेलात पातळ केलेला रंग त्याने पसरवला, तर ब्रशची हस्ताक्षरासारखी ओळख तत्क्षणी पुसली जाते. पुढची अडचण वेळेची असते. तैलरंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. त्यातले तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते फारच सावकाश घडते. रंग अगदी ओला असताना कागद लावला तर सगळाच उचलला जातो, उशीर झाला तर काहीच निघत नाही. या दोहोंच्या मधली वेळ बोटाने चाचपून ठरवावी लागते. ज्याला लोक गायतोंडे यांची साधना म्हणतात, तिचा निदान एक भाग रंग वाळण्याची वाट पाहण्याचा असावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ते वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पूर्ण करत, यामागे स्वभावाइतकीच ही पद्धतही असणार.

डिसेंबर 2013 मध्ये मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचे 1979 चे एक चित्र सुमारे 23.7 कोटी रुपयांना गेले, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्यानंतर कलामहाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत धूसर पार्श्वभूमी आणि मधोमध काही अगम्य खुणा अशी चित्रे जागोजागी दिसू लागली असतील तर नवल नाही. मला स्वतःला ती पाहवत नाहीत. त्यांत ॲक्रिलिकचा एक थर असतो, त्यावर ड्राय ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने, टेक्स्चर दिलेले असते, आणि खाली काहीच दडलेले नसते. क्लीच्या बाबतीत गायतोंडे यांनी नेमके उलटे केले होते: क्लीच्या आकृती, बाण, मासे, चंद्र हे सारे काही वर्षांत गळून पडले आणि रंगांच्या परस्परसंबंधांविषयीची जाण तेवढी शिल्लक राहिली.

विद्यार्थ्यांनी सहसा न पाहिलेला एक टप्पा अजून आहे. 1984 मध्ये अपघातात त्यांच्या मानेला दुखापत झाली आणि मोठे कॅनव्हास हाताळणे काही वर्षे अशक्य झाले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. रोलर नाही, थर नाहीत, प्रकाशाचा आभास नाही. केवळ काळ्या खुणा आणि त्यांच्यामधली कोरी जागा. ज्यांना त्यांच्या मोठ्या चित्रांतला झळाळच प्रिय आहे, त्यांना ती रुक्ष वाटतात. मला मात्र अंतरांची तीच जुनी मोजमापे इथे सर्वांत उघडी दिसतात, आणि स्टुडिओचे भाडे व तैलरंगाच्या ट्यूबची किंमत न परवडणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात करायची असेल तर ती याच रेखाटनांपासून करावी. त्याला शाईची एक बाटली आणि कागदांचा गठ्ठा पुरतो.