वेस्ट ऑकलंड: कप जिंकला, क्लब बुडाला, तरी क्लब आहे

इंग्लंडचं फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे लगेच मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनल सुरू होतं. मला मात्र एका गावाच्या क्लबवर लिहायचंय, कधीपासून डोक्यात आहे. वेस्ट ऑकलंड. इंग्लंडच्या ईशान्येला, काउंटी डरहममध्ये, बिशप ऑकलंडच्या शेजारी. कोळशाच्या खाणींचा भाग, क्लब 1893 चा, आणि खेळणारे बरेचसे खाणीत काम करणारे, म्हणजे आठवडाभर जमिनीखाली आणि शनिवारी मैदानात.

तर झालं असं की 1909 मध्ये सर थॉमस लिप्टनने (हो तोच, चहाच्या पुड्यावरचा लिप्टन, मूळचा ग्लासगोचा) इटलीत तुरीनला एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. जर्मनी, स्वित्झर्लंड, इटलीच्या टीम आल्या, पण इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) टीम पाठवायला नकार दिला. मग गेलं कोण, तर हे खाणकामगार. त्यांनाच का बोलावलं याची एक गोष्ट सगळीकडे फिरते, की बोलावणं खरं तर वूलिच आर्सेनलला, म्हणजे आजच्या आर्सेनलला होतं आणि इंग्रजी आद्याक्षरं सारखी म्हणून चुकून इकडे आलं. याला पुरावा कुणी दिलेला नाही आणि मला ती गोष्ट आवडतही नाही, कारण त्यात त्या पोरांचं सगळं कर्तृत्व एका पत्त्याच्या घोळावर जातं. नॉर्दर्न लीगमध्ये, म्हणजे त्या भागातल्या क्लबांच्या स्पर्धेत, त्यांची अवस्था तेव्हा काही खास नव्हती हे खरं, पण तुरीनला गोल काय पत्त्याने केले?

जायचा खर्च मोठा होता, सांगतात की काहींनी घरातल्या वस्तू गहाण टाकल्या, शिवाय खाणीत हजेरी नाही म्हणजे पगार नाही. तिथे जाऊन स्टुटगार्टच्या टीमला 2-0 हरवलं आणि फायनलला स्विस विंटरथूरला परत 2-0. दोन वर्षांनी, 1911 ला, जिंकलेला कप राखायला पुन्हा गेले, झुरिकला हरवलं आणि फायनलला समोर तुरीनचाच युव्हेंटस. 6-1. युव्हेंटस तेव्हा आजच्यासारखा बलाढ्य क्लब नव्हता हे मान्य, पण त्यांच्याच शहरात जाऊन सहा गोल! लागोपाठ दोनदा जिंकले म्हणून कप कायमचा गावाचा झाला. फिफाचा पहिला वर्ल्ड कप 1930 चा, म्हणून काहीजण यालाच पहिला वर्ल्ड कप म्हणतात. अधिकृत अर्थाने नाहीये तो, पण त्या गावात हा वाद घालायला मी तरी जाणार नाही.

यापुढचं सहसा कुणी सांगत नाही आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या प्रवासांनी क्लब कर्जात गेला. जिंकलेला कप गावातल्या व्हीटशीफ हॉटेलच्या मालकीणबाईंकडे 40 पौंडांवर ठेवायला लागला. 1912 ला क्लब लीगमधून बाहेर पडला, आणि 1914 ला वेस्ट ऑकलंड टाउन या नावाने नव्याने उभा राहिला. कप मात्र त्या बाईंच्या घरातच राहिला, थेट 1960 पर्यंत, मग गावाने 100 पौंड देऊन परत घेतला. आणि योगायोग बघा, त्याच काळात टीमही फॉर्मात आली, नॉर्दर्न लीग जिंकली, 1961 ला अमॅच्युअर कपची (पगार न घेणाऱ्या खेळाडूंच्या क्लबांची देशपातळीवरची स्पर्धा) फायनल खेळायला लंडनच्या वेम्बली स्टेडियमला गेली. वॉल्थमस्टो अ‍ॅव्हेन्यूकडून 2-1 हरली.

तेव्हा असे क्लब कागदावर अमॅच्युअर असायचे, खेळाडूला पैसे द्यायला बंदी, पण बुटात गुपचूप पैसे ठेवायची पद्धत इंग्लंडभर चालायची. 1974 ला असोसिएशनने अमॅच्युअर आणि प्रोफेशनल हा भेदच काढून टाकला. आता या पातळीवर आठवडाभर आपली नोकरी करायची, संध्याकाळी प्रॅक्टिस, आणि मॅचचे थोडेफार पैसे मिळतात, याला सेमी-प्रोफेशनल म्हणतात. क्लब चालतो तो तिकिटावर, बारवर आणि फुकट राबणाऱ्या गावकऱ्यांवर. गवत कापणारा, गेटवर बसणारा, चहा करणारी, सगळी गावातलीच माणसं, आणि माझ्या मते क्लबचा खरा इतिहास या लोकांचा आहे, पण त्यांची नावं कुठल्याच कपावर कोरलेली नसतात.

कपाचं म्हणाल तर जानेवारी 1994 मध्ये तो गावातल्या वर्किंग मेन्स क्लबमधून, म्हणजे कामगारांच्या बसायच्या-भेटायच्या जागेतून, चोरीला गेला. लिप्टनचा मूळ कप, 40 पौंडांच्या कर्जातून सोडवलेला, तो गेलाच. वाचून जीव हळहळतो. मग हुबेहूब दुसरा बनवून घेतला, आणि पुढे 2013 ला गावच्या मोकळ्या हिरवळीवर त्या विजयाचा पुतळाही उभा राहिला.

वेम्बलीला 1961 नंतर आणखी दोनदा गेले, एफए व्हाझच्या फायनलला, म्हणजे छोट्या क्लबांची देशपातळीवरची स्पर्धा. 2012 ला डन्स्टनकडून 2-0, 2014 ला शोलिंगकडून 1-0. दोन्ही हरले. एका गावाची टीम तीन वर्षांत दोनदा वेम्बलीवर, हरली तरी काय झालं!

डरहम युनिव्हर्सिटीत शिकायला आपली मराठी मुलंही जातात. त्यांना एवढंच सांगेन की एका शनिवारी डार्लिंग्टन रोडच्या मैदानावर जा, तिकीट काढा, आतला चहा प्या. तुमचे ते चार पैसे थेट क्लबला मिळतात.