रांगेतला आपला प्रांत

आमच्या वेळच्या परिपाठात ‘जन गण मन’ म्हणताना निम्म्याहून अधिक शब्दांचा अर्थ आम्हां मुलांना ठाऊक नव्हता. संस्कृतप्रचुर बंगालीतले ते कडवे आम्ही पाठ केले होते, एवढेच. ‘पंजाब, सिंधु, गुजरात, मराठा’ ही ओळ मात्र समजावून सांगावी लागत नसे, आणि ‘मराठा’पाशी सगळ्या मैदानाचा आवाज आपोआप चढे. ताल चुकतो म्हणून आमचे संगीताचे सर त्यावर रागावत. कारण तिथे न रेंगाळता लगेच ‘द्राविड, उत्कल, बंग’ म्हणायचे असे. या गीतातून देशाविषयीचा आपलेपणा रुजतो तो मला या पुढे जाण्यातच दिसतो. त्यात शत्रू नाही, जिंकलेली लढाई नाही. आपला प्रांत सात नावांतला एक आहे, पहिलाही नाही आणि शेवटचाही नाही.

माझ्या बाकावरच्या मित्राचे आजोबा फाळणीच्या वेळी सिंध सोडून आले होते. सिंध पाकिस्तानात गेला आणि सिंधी भाषकांच्या वाट्याला इथे स्वतंत्र राज्य आले नाही. त्यामुळे ‘सिंधु’ हा उच्चार तो आमच्या ‘मराठा’पेक्षाही ठासून करी, याचे कारण मला फार उशिरा उमगले. तो शब्द वगळावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये फेटाळली आणि सिंध म्हणजे केवळ भूभाग नव्हे, तिथली माणसे आणि संस्कृतीही, असे म्हटले, तेव्हा मला त्याची आठवण झाली.

रवींद्रनाथांचे हे गीत 27 डिसेंबर 1911 रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात प्रथम गायले गेले. 24 जानेवारी 1950 रोजी राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेले ते त्याच्या पाच कडव्यांपैकी पहिलेच. दुसऱ्या कडव्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारसी, मुसलमान, ख्रिस्ती अशी दुसरी रांग आहे, हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले. प्रांतांच्या रांगेने जे आम्हांला नकळत शिकवले, तेच ही रांग धर्मांच्या बाबतीत शिकवू शकली असती.

म्हणून आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिच्याकडे एक मागणे आहे. राष्ट्रगीत म्हणून पहिलेच कडवे गायले जाईल, ते योग्यच. पण दुसरे कडवे अर्थासह एखाद्या तासाला वर्गात जरूर शिकवावे. आणि परिपाठाला ध्वनिमुद्रित राष्ट्रगीत लावण्याऐवजी, सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी, ते मुलांनाच गाऊ द्यावे.