उघडीप आणि एक इंग्रजी म्हण

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’, म्हणजे ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, ही इंग्रजी म्हण बहुतेकांना शाळेच्या पुस्तकात भेटते, आणि तिच्यापुढे ‘संधीचा फायदा घ्या’ एवढे लिहून गुरुजी पुढच्या म्हणीकडे वळतात. मग ती निवडणुकीच्या हंगामात वाहत्या गंगेत हात धुणाऱ्यांच्या कामी येते. हा त्या कष्टाळू म्हणीवर अन्याय आहे, असे मला वाटते.

जॉन हेवूड या इंग्रज लेखकाच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात ती आहे. इंग्लंडात उन्हाळ्यात गवत कापून शेतातच पसरतात, काही दिवस खालीवर करतात आणि वाळले की रचतात. हिवाळाभर जनावरे त्यावरच काढायची असतात. ओलसर गवत रचले तर बुरशी धरते, गंजी आतून तापत जाते आणि कधी आपोआप पेटही घेते. त्यात तिथल्या उन्हाचा भरवसा नाही.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागते आणि नेमके त्याच सुमारास सोयाबीन सोंगणीला येते. उघडीप मिळाली की साऱ्या गावाची सोंगणी एकदम निघते, एकरी मजुरी चढते आणि थ्रेशरवाल्याचे ‘उद्या येतो’ काही केल्या उजाडत नाही. सोंगलेल्या पिकाच्या ढिगावर, म्हणजे सुडीवर, ताडपत्री ओढून कडांवर दगड ठेवले, तरी रात्री ढग गडगडले की घरातले कोणीतरी बॅटरी घेऊन वावरात जातेच. शासकीय खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर माल घेत नाहीत. म्हणून दाणे अंगणात, ओट्यावर, प्रसंगी डांबरी रस्त्यावरही पसरले जातात, आणि घरातली म्हातारी त्यांतून पाय ओढत फिरून ते खालीवर करत राहते. तिला कोणी संधिसाधू म्हणून पाहावे!

कापसाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तिथे ऊन चढण्याची वाटच पाहावी लागते. दव असताना वेचलेला कापूस ओला भरतो, आणि हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या पुढे गेला की भाव उतरत जातो, १२ च्या पुढे तर कापूस घेतच नाहीत. त्यामुळे दव सुकेपर्यंत बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहतात, आणि त्या वेळ दवडत आहेत असे फक्त रस्त्याने जाणाऱ्याला वाटते.