साडेतीन लाख हातात, आणि घर घ्यायचं होतं

"बँक ९० टक्के देते," एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही पुण्यात घर शोधायला निघालो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची तेवढी मुभा आहे, हे खरंच. पण ९० टक्के कशाचे, हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

आधी म्हाडाच्या सोडतीत दोनदा अर्ज भरला. नंबर लागला नाही, अनामत परत आली. मग एका बिल्डरकडे गेलो, तर त्याने करार नोंदवायच्या आधीच २० टक्के मागितले. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. आम्ही तिथून उठलो.

शेवटी हडपसरला जुन्या सोसायटीतला लहानसा फ्लॅट २४ लाखांना ठरला. रिसेल, म्हणून जीएसटी नाही. ५१ हजार टोकन दिलं, आणि आठवड्याने बँकेचं व्हॅल्युएशन, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेली घराची किंमत, आलं: साडेबावीस लाख! बँक करार आणि व्हॅल्युएशन यांतला कमी आकडा धरते. मुद्रांक शुल्क मात्र करार आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) यांतल्या जास्त आकड्यावर लागतं, आणि ते कर्जात येत नाही. म्हणजे कर्ज २०.२५ लाख, बाकी सगळं आमच्या खिशातून. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॅल्युएशनचा आकडा घेऊन घरमालकांकडे गेले. "काका, बँकच एवढी किंमत धरत नाही, आम्ही कुठून आणू?" काका बराच वेळ गप्प होते. मग साडेतेवीसवर आले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दुसरा आधार मिळाला तो नावाचा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं असतं तर ती गेली असती. तो स्वतःहून म्हणाला, "मी नुसता सहकर्जदार राहतो." ७ ऐवजी ६ टक्के, म्हणजे १ लाख ४१ हजार. वाचलेल्या साडेतेवीस हजारांत नोंदणी फी बरोब्बर भागली. टोकन धरून हातचे साडेतीन लाख होते. कमी पडलेल्या १ लाख ४० हजारांसाठी नवऱ्याने पीएफमधून उचल घेतली.

टोकन देण्याआधी बँकेकडून व्हॅल्युएशन करून घ्या. त्याची फी गेली तरी चालेल.

नोंदणीच्या दिवशी सूची क्रमांक २, म्हणजे व्यवहाराच्या नोंदणीचा उतारा, हातात आली. खरेदीदाराच्या रकान्यात माझं एकटीचं नाव होतं. आईला फोन केला, तर तिला आधी खरंच वाटेना.